भट्टीचा तुकडा

भाईंदर पश्चिम,
१० नोव्हेंबर २०२४

चि. प्रणित,

आशीर्वाद आधीच घेऊन ठेव, कारण पुढे बोलणी आहेत. तुझा फोन लागत नाही. लागलाच तर नुसता वाऱ्याचा घोंघाट आणि "ताई, टेकडीवर चढलोय, नंतर बोलतो." मग ते नंतर काही येत नाही. म्हणून ही चिठ्ठी जितेशच्या हाती देतेय. त्याची गाडी आमच्या गोदामातून फलटणच्या पुढे माल घेऊन जाते. खडकमाळच्या फाट्यावर थांबेन म्हणाला. तूही उत्तर त्याच्याचकडे देत जा.

सोबत चार पोती आहेत, ती काय आहेत ते नीट वाच. काशीमीऱ्याला आमची कंपनी सोयाबीन भाजून खारे दाणे आणि पीठ करते, हे तुला माहीत आहे. त्यात दोन प्रकारचा तुकडा निघतो. भट्टीत जाण्याआधी चाळणीत पडतो तो चाळणीचा, तो कच्चा. भाजून निघाल्यावर फुटतो तो भट्टीचा. तुला भट्टीचा पाठवलाय. शेठ हसत होते, "नेत्राबेन, मेंढी को भी प्रोटीन खिलाओगे?" मी म्हटलं, बेव्हर्ली पार्कातली जिमवाली पोरं खातात ते माझ्या भावाच्या मेंढ्यांनी का खाऊ नये? वर दोन पोती टरफलं मागून घेतली, ती फुकटातच पडून होती.

प्रत्येक पोत्याला माझ्या सहीची चिठ्ठी आहे. स्टोअर माझ्याकडे असतं, माझ्या सहीशिवाय गेटवरून पोतं हलत नाही. एवढा तुझ्या बहिणीचा दरारा.

आई विचारतेय, शकूच्या घरी घरजावई झालास, पोटभर वाढतात ना? बाकीचे काय बोलतात ते लिहीत नाही, मी इथल्या इथे परतवून लावते. कुरिअरची पिशवी खांद्याला लावून मीरा रोडचे जिने चढण्यापेक्षा मेंढ्या बऱ्या, असं सांगते. फक्त मला तोंडघशी पाडू नकोस.

नेत्राताई


खडकमाळ, ता. माण,
२४ नोव्हेंबर २०२४

ताई,

वाकून नमस्कार. हल्ली वाकायची सवयच झालीये, गोठा झाडून झाडून.

पोती मिळाली. बाबाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मूठभर तुकडा हातात घेऊन वास घेतला आणि परत पोत्यात टाकला. त्यांच्या तीन पिढ्या मेंढरांमागे चालल्या. आता गुडघे गेले म्हणून अठरा मेंढ्या माझ्या हाती दिल्यात, त्याही अटीवर. "एक साल बघतो. जमलं तर मेंढरं तुझी. न्हाय तर मी पुन्हा काठी घेतो, आन् तू जा तुझ्या ममईला." मी मेंढ्या बांधून सांभाळतो हे त्यांना पटत नाही. म्हणतात, "मेंढरू पायानं खातं, तोंडानं न्हवं."

पण मी शिकून घेतलंय. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर संजना म्हणून आहेत, त्यांनी सगळं मांडून दिलं. पोटाला सोयाबीनचं भुसकट, इथे मळणीनंतर ढीगच्या ढीग पडलेलं असतं. त्यावर युरिया आणि गुळाचं पाणी, अगदी मोजून. आणि खुराकात मक्याचा भरडा आणि तुझा तुकडा. त्यांनी दोनदा बजावलंय की युरिया देणार असशील तर सोयाबीन भाजलेलंच हवं, कच्चं गेलं तर पोटात विष होतं. मी म्हटलं, मॅडम, माझी बहीणच सही करून पाठवते. त्या म्हणाल्या, मग प्रश्न नाही.

चौदा मेंढ्या गाभण आहेत. शकू रोज मोजते, जशा काही कमी होणार आहेत.

प्रणित


भाईंदर पश्चिम,
२२ डिसेंबर २०२४

प्रणित,

तुझं पत्र मी दुपारच्या डब्याच्या वेळी बायकांना वाचून दाखवलं. 'पायानं खातं' ऐकून सगळ्या हसून लोळल्या. बाबाजींना सांग, पायाने आमच्याकडची माणसं खातात, स्टेशनपासून घरापर्यंत चालून.

शेठकडे वसईचा एक कोंबडीवाला येऊ लागलाय. भट्टीचा सगळा तुकडा मलाच द्या म्हणतो. मी तोंडावर सांगितलं, आधी माझ्या भावाची पोती, मग तुमच्या कोंबड्या. तू निर्धास्त राहा. ताईचा शब्द म्हणजे शब्द.

लोकरीचं काही होत असेल तर आईसाठी घोंगडं पाठव. तिला भाईंदरला थंडी वाजत नाही, पण घोंगडं हवंय.

नेत्राताई


खडकमाळ,
१९ जानेवारी २०२५

ताई,

घोंगडं जितेशकडे दिलंय. बाबाजींनी स्वतः निवडून दिलं, यावरून काय ते समज.

मेंढ्या अशा भरल्यात की वाटेने जाणारे थांबून बघतात. बाबाजींनी काल पहिल्यांदा पाठीवरून हात फिरवून पाहिला. मेंढीच्या, माझ्या नाही. पण संध्याकाळी शेजारच्याला म्हणाले, "जावई बरा हाय. हळू हाय, पण बरा हाय." शकूने ते मला आत येऊन सांगितलं आणि हसायला लागली. ताई, लग्न झाल्यापासून इथे मी पाहुण्यासारखा जेवतोय. त्या रात्री पहिल्यांदा भाकरी मागून घेतली.

पुढच्या महिन्यापासून मेंढ्या वितील. तुकडा जेमतेम तीन आठवड्यांचा उरलाय. या वेळी चुकवू नकोस, आता मध्येच खुराक तुटला तर सगळं ओमफस्.

प्रणित


काशीमीरा,
२ फेब्रुवारी २०२५

प्रणित,

घाईत लिहितेय, गाडी सुटायला आलीये. चार पोती पाठवलीत. चिठ्ठ्या बांधल्यात. भट्टीचाच आहे. नीट उतरवून घे.

नेत्राताई


खडकमाळ,
९ फेब्रुवारी २०२५

ताई,

हे पत्र पोस्टाने टाकतोय, जितेशची वाट बघण्याइतका धीर नाही.

शुक्रवारी सकाळी जुनं पोतं संपलं म्हणून नवीन फोडलं. नेहमीएवढंच दिलं, नेहमीच्याच मापाने. मेंढ्या आधाशासारख्या तुटून पडल्या. पाऊण तासात पहिली थरथरायला लागली. तोंडाला फेस, पोट टम्म फुगलेलं, पाय ताठ. मग दुसरी. मग एकदम पाच-सहा. मी एकीला धरतोय तोवर तिसरी पडतेय. बाबाजी गुडघे विसरून पळत आले. चिंच कोळून, ताक घालून जिला जमेल तिला पाजलं. डॉक्टर संजना आल्या तोपर्यंत अकरा गेल्या होत्या. अकरांतल्या नऊ गाभण.

सात वाचल्या त्या बाबाजींच्या चिंचेने. मी काही केलं नाही. मी नुसता ओरडत होतो.

डॉक्टर म्हणतात युरिया बाधला. पण ताई, मी माप बदललेलं नाही. तेच डबडं, तेच पाणी. आईच्यान. त्या पोत्यात काही वेगळं होतं का? तू बघून सांग. तुझ्यावर संशय नाही, कुणी गोदामात अदलाबदल केली असेल तर.

प्रणित


भाईंदर पश्चिम,
१६ फेब्रुवारी २०२५

प्रणित,

पत्र दोनदा वाचलं. आईला अजून सांगितलेलं नाही.

माल बरोबर होता. मी स्वतः उभी राहून भरून घेतला, चिठ्ठीवर माझी सही आहे. पोत्यात दोष असता तर इथे बाकीच्यांकडूनही तक्रार आली असती ना?

राग मानू नकोस, पण तू लहानपणापासून धसमुसळा आहेस. स्टोव्हमध्ये रॉकेल ओतताना तू किती वेळा सांडवलंस ते मला विचार. माप तेच असेल, पण मेंढ्या विण्याच्या घाईत हात जड पडला असेल. गूळ नीट विरघळला नसेल, युरिया तळाशी बसला असेल. माणसाच्या लक्षातही येत नाही. स्वतःला फार बोल लावू नकोस, पण दुसऱ्यावरही ढकलू नकोस. सासुरवाडीत आधीच तुला परका म्हणतात. तू पोत्याचं नाव काढलंस तर म्हणतील, चूक केली ती केली आणि वर कारणं देतो. बाबाजींचे पाय धर, माझ्या हातून झालं म्हण आणि मोकळा हो. खरं बोलणाऱ्याला माणसं माफ करतात.

तुझीच,
ताई


खडकमाळ,
१० मार्च २०२५

ताई,

तू सांगितलंस तसं केलं. आळीतली चार माणसं बसली होती, त्यांच्यासमोर बाबाजींचे पाय धरले आणि म्हटलं, माझ्या हातून युरिया जास्त पडला. बाबाजी उठले. काठी घेतली, सात मेंढ्या सोडल्या आणि माळावर घेऊन गेले. त्या दिवसापासून रोज जातात. गुडघ्याला फडकं बांधून जातात. मी गोठ्यात पाय ठेवायचा नाही, असं त्यांनी मला नाही, शकूला सांगितलं.

शकू कामापुरतं बोलते. माझ्या ताटात वाढते, पण समोर बसत नाही. मी एकाच्या डाळिंबाच्या बागेत कामाला जातो. पोरं मला पाहून "युऱ्या" म्हणतात.

तुझ्याही सहीला माझ्यामुळे बट्टा लागला असेल. तू एवढ्या हौसेने पाठवत होतीस. मला माफ कर.

प्रणित


खडकमाळ,
४ मे २०२५

ताई,

माझ्या मागच्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही. मी समजत होतो, तू माझ्यावर नाराज आहेस.

शकूने पावसाळ्याआधी गोठ्यातली अडगळ काढायला सांगितली. मेंढ्या माळावर गेल्या होत्या म्हणून मला आत जायला मुभा. कोपऱ्यात तुझी फेब्रुवारीची चारही पोती होती, फोडलेलं एक जवळजवळ भरलेलंच. शेजारी जानेवारीचं रिकामं, तळाशी दोन मुठी तुकडा. दोन्हींतला मूठ-मूठ तुकडा शेजारी ठेवला. एक खमंग, तांबूस. दुसरा फिका, चावला तर कडवट, हिरवट. मी दोन्ही पुड्या बांधून डॉक्टर संजनांकडे गेलो.

त्यांनी काय केलं ते लिहितो, तूही घरी करून बघू शकतेस. दोन बाटल्या घेतल्या. दोन्हींत तुकड्याचं पीठ, चिमूटभर युरिया आणि कोमट पाणी. बुचाला ओल्या हळदीची चिंधी अडकवली आणि बूच घट्ट लावलं. कच्चं सोयाबीन असेल तर ते युरियातून विषारी वायू सोडवतं आणि हळद लाल होते. अर्ध्या तासाने जानेवारीच्या बाटलीतली चिंधी पिवळीच होती. तुझ्या फेब्रुवारीच्या बाटलीतली विटेसारखी लाल झाली होती. बूच काढलं तर नाकाला झिणझिण्या आल्या. डॉक्टर म्हणाल्या, "प्रणित, तुझं माप बरोबर होतं. हे भाजलेलंच नाही."

चार पोत्यांच्या चारही चिठ्ठ्या माझ्याकडे आहेत. 'भट्टीचा', आणि खाली तुझी सही.

फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला की मी तू म्हणशील ते खरं मानतो. काय झालं ते लिहून दे.

प्रणित


भाईंदर पश्चिम,
१८ मे २०२५

प्रणित,

चार कागद फाडले, हा पाचवा.

वसईवाल्याने महिन्याचा सगळा भट्टीचा तुकडा उचलला. मी भांडले. शेठ म्हणाले, "आपके भाई को अगले महीने देंगे, मेंढी है, मर थोडी जाएगी." जितेशची गाडी अर्ध्या तासात सुटणार होती. तू लिहिलं होतंस, या वेळी चुकवू नकोस. मी तुला सांगितलं होतं, ताईचा शब्द म्हणजे शब्द. तुला नुसतं कळवायचं होतं की या वेळी नाही जमलं. ते माझ्याच्याने झालं नाही. या कंपनीत माझं किती चालतं याच्या मी ज्या बाता मारल्या, त्या खोट्या पडल्या असत्या. मी चाळणीच्या ढिगातून चार पोती भरली आणि जुन्याच मजकुराच्या चिठ्ठ्या बांधल्या.

तुझ्या डॉक्टरीणबाईंचं बोलणं मला आठवलं नाही, असं लिहिणार होते. आठवलं होतं. म्हटलं, डॉक्टर लोक घाबरवतातच. महिनाभरात काय होतंय.

मेंढ्या गेल्याचं तुझं पत्र आलं, ते मी आईपासून लपवून ठेवलं. मग तुला उत्तर लिहायला बसले. पहिली ओळ खोटी लिहिली, मग पुढच्या आपोआप सुचत गेल्या. रॉकेलचंसुद्धा.

आता एक मागते. बाबाजींना सांगू नकोस. चिठ्ठीवर सही माझी आहे, गोष्ट शेठपर्यंत आली तर नोकरी गेलीच. आणि त्या माणसांपुढे आपल्या घराची काय शोभा राहील? झालं ते आता बदलत नाही. पुढच्या गाडीला मी आठ पोती भट्टीचा पाठवते, स्वतः चावून बघून. तुझा जम पुन्हा बसेल.

तुझी ताई


खडकमाळ,
२५ मे २०२५

ताई,

कुठला जम? मेंढ्या कुठे आहेत माझ्याकडे? पोती कुणापुढे रिकामी करू?

चार पोत्यांत कच्चा माल आला, अकरा मेंढ्या मेल्या. ते मी समजू शकतो. माणूस घाईत चुकतं. मला फेब्रुवारीचं पत्र समजत नाही. मी तुला विचारलं होतं, पोत्यात काही वेगळं होतं का. तुला माहीत होतं. तरी तू मला चार माणसांत पाय धरायला पाठवलंस. मी धरले, वर तुझी माफी मागितली, आणि ते पत्र वाचून तू गप्प बसलीस. ते दोन महिन्यांचं गप्प बसणं मला आठवतं तेव्हा अंगाची आग होते.

आपल्या घराची शोभा म्हणतेस. मी आपल्या घरातलाच होतो ना?

मी बाबाजींना काही सांगणार नाही. बाटल्या आणि चिंध्या दाखवल्या तर म्हणतील, आता बहिणीवर घालतोय. तू सांगायचंस. तुझ्या हाताने, तुझ्या सहीने, त्यांच्या नावाने. सही करायला तुला आवडतं.

प्रणित


भाईंदर पश्चिम,
८ जून २०२५

ती. बाबाजींस,

नेत्राचा नमस्कार. मी प्रणितची थोरली बहीण. घोंगडं तुम्ही पाठवलंत, आई रोज पांघरते.

तुमच्या अकरा मेंढ्या प्रणितच्या हाताने मेल्या नाहीत. मी त्याला भाजलेला म्हणून कच्चा तुकडा पाठवला. कच्चा आहे हे मला माहीत होतं. कच्चा चालणार नाही हे त्याने मला आधी लिहून कळवलं होतं. मेंढ्या मेल्यावर त्याने विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं आणि दोष त्याच्या अंगावर टाकला. तुमचे पाय धरून चूक कबूल कर, हे मीच त्याला शिकवलं. त्याने ऐकलं, कारण तो माझं ऐकतो.

त्याचं माप बरोबर होतं. हे पत्र तुम्ही कुणालाही दाखवा. माझ्या शेठनाही मी उद्या सांगणार आहे.

नेत्रा


खडकमाळ,
२२ जून २०२५

ताई,

तुझं पत्र शकूने बाबाजींना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग मला हाक मारली आणि त्याच चार माणसांना बोलावून म्हणाले, "जावई, माजं चुकलं." त्यांच्या तोंडून ते ऐकवत नव्हतं. मी पळत गोठ्यात गेलो. शकू मागून आली आणि म्हणाली, "मी तरी तवा तुमास्नी इचारायचं हुतं." मग आम्ही दोघं बराच वेळ तिथेच बसलो. सात मेंढ्या आणि पाच कोकरं आता माझ्याकडे आहेत. बाबाजी सकाळी माळावर नेतात, दुपारनंतर मी बांधून चारतो. असं मध्यावर आलंय.

शकू म्हणते, ताईंनी धाडस केलं, आता सोडून द्या. तुझी नोकरी गेली तेही जितेशकडून कळलं. वाईट वाटलं.

पण एक गोष्ट तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. फेब्रुवारीत तू मला दोन ओळी लिहायच्या होत्यास. 'प्रणित, माझ्याकडून कच्चा माल गेला. नोकरीचा प्रश्न आहे, सांभाळून घे.' एवढंच. मी बाबाजींसमोर असाच उभा राहिलो असतो. असेच पाय धरले असते, हेच म्हटलं असतं की माझ्या हातून युरिया जास्त पडला. मेंढ्या सोडल्या असत्या, शकूचा अबोला सोसला असता, पोरांनी युऱ्या म्हटलं तर हसलो असतो. तुझं नाव मरेपर्यंत ओठांवर आणलं नसतं. सतरा वर्षांची असल्यापासून तू माझ्यासाठी राबलीस. तुझ्यासाठी एवढं खोटं बोलायला मला जड गेलं नसतं.

जे तुला मागून मिळणार होतं, ते तू फसवून घेतलंस.

पोती पाठवू नकोस. आईला नमस्कार सांग.

प्रणित